पोनची सुट्टी, क्लिवोनचा बाजार

गिरणीचं वसतिगृह, सोलो
बुधवार पोन, १८ सप्टेंबर १९८५

आदरणीय बापाक,

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी मॅनेजरांनी आमच्या देखभाल विभागाला बोलावून घेतलं.
२. रविवारची सुट्टी १ ऑक्टोबरपासून बंद होणार आहे. रविवारी माग थांबतात आणि सोमवारी सकाळी सुरू केले की धागे जास्त तुटतात. हे खरं आहे. तुटलेल्या धाग्यांची नोंद मीच ठेवत होते.
३. नवी पद्धत अशी: आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. दहा दिवसांचं चक्र. कामगारांचे पाच गट. रोज कुठला तरी एक गट सुट्टीवर, त्यामुळे माग कधीच थांबणार नाहीत.
४. हे वेळापत्रक मी आखलं. मला ते काम सोमवारीच दिलं.
५. कोणत्या गटाला कोणते दोन दिवस, ते २८ तारखेला चिठ्ठ्या टाकून ठरेल. चिठ्ठ्यांचा आग्रह माझा. नंतर कुणी बोट दाखवू नये.
६. म्हणजे गेला, १५ तारखेचा रविवार-क्लिवोन आपला शेवटचा. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, नाहीतर मी दुपारच्या बसने परतले नसते.

सहावा मुद्दा लिहून झाल्यावर थोडा वेळ पेन खाली ठेवलं. मग कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली आणि बरं वाटलं. ती अशी.

तुमची फेरी मला लहानपणापासून पाठ आहे. लेगीला रांचा, पाहिंगला तेगालान, पोनला वातुगाजाह, वागेला पांदानान आणि क्लिवोनला आपलं सुंबेरान. सात वारांच्या आठवड्याशेजारी चालणारा आपला हा पाच दिवसांचा बाजारी आठवडा, पाच गावांचे पाच बाजार. तुम्ही घरी फक्त क्लिवोनला. माझी सुट्टी, आधी शाळेची आणि मग गिरणीची, सात दिवसांनी. पाच आणि सात यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही, त्यामुळे त्यांचा लसावि पस्तीस. म्हणून आपण पस्तीस दिवसांनी एकदा अख्खा दिवस एकत्र असायचो.

आता माझं चक्र दहाचं. दहा आणि पाचांचा लसावि दहाच. म्हणजे पस्तिसाऐवजी दर दहा दिवसांनी भेट. रविवार गेला याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

औषध वेळेवर घेता का ते लिहा.

तुमची,
वुर्यानी

*

सुंबेरान
बुधवार क्लिवोन, २५ सप्टेंबर १९८५

नडुक,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, गिरणीने चुकून मला नोटीस धाडली. एक, दोन, तीन, चार! अगं, बापाला लिहितेस की पोलिसांत तक्रार देतेस? तुझी आई असती तर म्हणाली असती, "या पोरीला जन्म दिला तेव्हाच हातात फूटपट्टी होती."

पण दहा दिवसांनी म्हणालीस ना, तिथे मी चष्मा काढून पुसला. दहा दिवसांनी! मग तर तू इथे राहायलाच आल्यासारखं झालं. मी यू सार्मीला सांगूनही टाकलं. तीच ती, माझ्या शेजारी लुगडी विकते, तोंडाचा पट्टा सुरू झाला की मागाला लाज आणते. ती म्हणाली, "पाक कार्सो, पोरगी दहा दिवसांनी आली तर तुमच्या गॅसबत्त्या कोण दुरुस्त करणार? तुम्ही दोघं तर नुसते बसून खाता."

खोटं नाही ते. रविवार-क्लिवोनला मी कधी धड काम केलं सांग? सातेक वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या डाव्या बाजूला तुझं ते बुटकं लाकडी स्टूल. तू वायसर निवडायचीस, मोठे एका डब्यात, लहान दुसऱ्यात. गिऱ्हाईक आलं की तूच सांगायचीस, "नोझलमध्ये काजळी आहे, पिन मारावी लागेल." लोक बत्ती आणायचे ते तुझं ऐकायला.

आणि त्या बिया आठवतात? "बापाक पुन्हा कधी पूर्ण दिवस बसतील?" म्हणून तू रडायचीस, तेव्हा मी चटईवर दोन ओळी मांडून दिल्या होत्या. वरती काळ्या चिकूच्या बिया, पाच-पाचांच्या पुंजक्यांनी. खाली चिंचोके, सात-सातांचे. एक बी म्हणजे एक दिवस. वरचा पुंजका संपतो तिथे मी घरी, खालचा संपतो तिथे तुझी शाळा बंद. दोन्ही ओळींतले पुंजके एकाच जागी संपेपर्यंत मांडत जायचं. संपले की तू टाळी वाजवायचीस. मग रोज रात्री दोन्ही ओळींतली एकेक बी उचलायची. मी चार दिवस बाहेर, पण तुझी आई सांगायची की पोरगी बी उचलल्याशिवाय झोपत नाही.

त्या बिया अजून माझ्याकडे आहेत. जुन्या बत्तीच्या टाकीत ठेवल्यात. हसू नकोस.

औषध घेतो. कडू आहे. वातुगाजाहला नारळाच्या दुधातलं गोड दावेत फार छान मिळतं, त्याच्यावर ते औषध उतरतं.

चिठ्ठीत काय आलं ते कळव.

बापाक

*

वसतिगृह
गुरुवार पोन, ३ ऑक्टोबर १९८५

आदरणीय बापाक,

चिठ्ठीत दुसरा गट आला. माझी पहिली सुट्टी आज आणि उद्या. वरती तारीख पाहा, म्हणजे कळेल.

माझ्या मागच्या पत्रात चूक होती. आकडा बरोबर होता, अर्थ चुकला. दहा आणि पाचांचा लसावि दहा, हे खरं. पण लसावि एवढंच सांगतो की दोन चक्रं एकदा भेटली तर पुन्हा किती दिवसांनी भेटतील. एकदा तरी भेटतील का, हे तो सांगत नाही. पाच आणि सातांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. ती एकमेकांवरून सरकत जातात आणि सात वारांपैकी प्रत्येक वार पाच बाजारांपैकी प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो. दहाच्या पोटात पाच पूर्ण मावतात, म्हणून तिथे काही सरकतच नाही. जिथे सुरुवात झाली तिथेच कायम.

माझी सुरुवात पोनला झाली. आज पोन, उद्या वागे. १३ आणि १४ तारखेला पुन्हा पोन आणि वागे. २३ आणि २४ लाही तेच. मी या गिरणीत म्हातारी झाले तरी क्लिवोनला सुट्टी मिळणार नाही. वागेच्या रात्री तुम्ही पांदानानहून घरी पोहोचता, तोवर सोलोची शेवटची बस गेलेली असते आणि सकाळी सहाला माझी पाळी.

चिठ्ठ्यांचा आग्रह मी धरला होता, त्यामुळे तक्रार करणार नाही.

उपाय दोन आहेत. पहिला: वर्षातून एकदा गट बदलता येतो, त्याच कामाची दुसरी व्यक्ती अदलाबदलीला तयार असेल तर. चौकशी करते आहे. दुसरा उपाय सोपा आहे आणि आधी का सुचला नाही याचं मला नवल वाटतं. आपल्या घरात "बापाक कधी भेटतील" याचं उत्तर नेहमी "क्लिवोनला" असंच होतं, जणू बाकीचे चार दिवस तुम्ही कुठेच नसता. पण पोनला तुम्ही वातुगाजाहला असताच. वातुगाजाह इथून सुंबेरानपेक्षा जवळ आहे. तिथे मी कधीच आलेली नाही.

तर १३ तारखेला, पोनला, सकाळच्या बसने वातुगाजाहला येते. स्टूल आणायची गरज नाही. खाली बसेन.

वुर्यानी

*

सुंबेरान
गुरुवार क्लिवोन, १० ऑक्टोबर १९८५

नडुक,

घाईत लिहितो, बस सुटायच्या आत कंडक्टरकडे द्यायचंय.

वातुगाजाहला येऊ नकोस. एक तर रस्ता फार वाईट. पुलाचं काम चाललंय, बस अलीकडेच सोडते, पुढे चिखलातून चालत यावं लागतं. आणि बाजारात इतकी गर्दी असते की मला एकट्यालाच बूड टेकायला जागा मिळत नाही, तुला कुठे बसवू? शिवाय तो बाजार आता मोडत चाललाय, माणूस फिरकत नाही, बघण्यासारखं काही उरलं नाही. दावेत तर नुसतं पाणी. तुला काय खायला-प्यायला घालणार?

त्यापेक्षा ती अदलाबदल होते का बघ. वेळ लागला तरी चालेल. इतकी वर्षं थांबलो, आणखी थोडं थांबू.

२० तारखेला रविवार-क्लिवोन आहे. रजा काढता येणार नाही का, एकच दिवस?

औषध घेतो.

बापाक

*

वसतिगृह
रविवार पोन, १३ ऑक्टोबर १९८५

आदरणीय बापाक,

तुम्ही नको म्हणालात म्हणून आले नाही. सुट्टीच्या दिवशी वसतिगृहात कुणी नसतं. सकाळी कपडे धुतले. त्यानंतर तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

बाजारात बसायला जागा नाही इतकी गर्दी, आणि बाजारात माणूस फिरकत नाही. ही दोन वाक्यं एकाच पानावर आहेत. दावेत २५ सप्टेंबरला फार छान होतं, १० ऑक्टोबरला नुसतं पाणी. पुलाबद्दल बसस्थानकावर विचारलं. वातुगाजाहच्या रस्त्यावर पूल नाही.

तुम्ही खोटं बोलता याचा मला राग नाही. तुम्हाला ते जमत नाही, एवढंच सांगते.

कारण माझ्या लक्षात आलं आहे असं वाटतं. वातुगाजाह भागात विजेचे खांब उभे राहिल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. घरोघरी वीज गेली की गॅसबत्ती कोण पेटवणार? तुम्ही तिथे दिवसभर हत्यारं मांडून बसत असाल आणि कुणी येत नसेल. ते मी पाहू नये असं तुम्हाला वाटतं. बापाक, मला त्याने काही फरक पडत नाही. रविवार-क्लिवोनला तरी आपण कुठे काम करायचो?

गिरणीच्या दुरुस्तीखात्यात एका कारागिराची गरज आहे. बारीक नोझल साफ करणारा माणूस त्यांना मिळत नाही. तुम्ही तयार असाल तर मी बोलते.

२० तारखेला रजा नाही. नव्या पद्धतीत पहिले तीन महिने कुणालाच रजा नाही. हा नियम मी केलेला नाही.

दुसरं: अदलाबदलीला माणूस मिळाला. विनार्सिह, माझ्याच विभागातली, पाचव्या गटात आहे. तिची सुट्टी वागे-क्लिवोन. तिचं माहेर पांदानानचं. तिला माहेरी जायला वागेचा दिवस कसाही मिळतोच, पण आदल्या दिवशी निघता यावं म्हणून पोनही हवा आहे. तिने अर्जावर सही केली. माझी बाकी आहे. अर्ज ३१ ऑक्टोबरला बंद होतात. सही केली की दर दहा दिवसांनी क्लिवोन, पहिल्या पत्रात लिहिला होता तसा.

म्हणजे सगळं ठीक होईल.

वुर्यानी

*

सुंबेरानचा बाजार
रविवार क्लिवोन, २० ऑक्टोबर १९८५

नडुक,

बाजारात बसून लिहितोय. कागदाखाली बत्तीचं झाकण घेतलंय, म्हणून अक्षर गोल फिरतंय.

सकाळी नेहमीप्रमाणे तुझं स्टूल डाव्या बाजूला मांडलं. मांडून झाल्यावर आठवलं. मग उचलून परत ठेवावं असं काही वाटेना. तसंच राहू दिलं. एका बाईने त्यावर बूड टेकायला घेतलं तर यू सार्मी तिकडून ओरडली, "ओ बाई, ती जागा राखीव आहे!" मग मला म्हणाली, "पोरगी कुठाय? दहा दिवसांनी येणार होती ना? का गुपचूप लग्न लावलंत?"

मी म्हटलं, "कुणाचं?"

आणि माझे कान तापले. यू सार्मीने माझ्याकडे पाहिलं, तिच्या लुगड्यांकडे पाहिलं, आणि या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच एक अख्खी घटका शब्द फुटला नाही.

तर आता सांगतो.

अगं वेडे, वातुगाजाहला खांब आलेत, तारा आल्यात, वीज यायचीय. ती येईल तेव्हा येईल. तिथे माझ्याकडे काम आहे. गिरणीतली नोकरी तुलाच लखलाभ. भोंगा वाजला की उठायचं माझं वय नाही.

तिथे दावेत विकणारी एक बाई आहे. वागियेम तिचं नाव. जन्म वागेचा म्हणून वागियेम, आणि बसते पोनच्या बाजारात. मी तिला चिडवतो, "तुझ्या आईने नाव ठेवलं आणि तू पत्ता बदललास." नवरा वारून बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागच्या पावसाळ्यात तिने बत्ती आणली दुरुस्तीला, वायसर गेला होता. मी बदलला. पुढच्या पोनला पुन्हा आणली. तेव्हापासून दर पोनला आणते. दर पोनला मी ती उघडतो, पुसतो, पंप मारतो, पेटवून बघतो, परत देतो. त्या बत्तीला काहीही झालेलं नाही. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. परवा म्हणाली, "पाक कार्सो, हा असा कोणता आजार आहे हो, जो बत्तीला फक्त पोनलाच होतो?"

मी म्हटलं, "जुनाट आहे. हळूहळू बरा होईल."

ती म्हणाली, "बरा नाही झाला तरी चालेल."

नडुक, तुझ्यापासून लपवायचं असं काही केलं नाही. पण तुझ्यासमोर तिचं नाव काढायला मला दिवस सापडत नव्हता. क्लिवोन तुझा आणि तुझ्या आईचा. त्या दिवशी तू यायचीस, आपण सागाच्या पानातला भाताचा पुडा सोडायचो, तू म्हणायचीस "आईच्या हातची चव नाही," मी म्हणायचो "नाही." त्यात तिसरं नाव कुठे घालू? आणि तू पोनला येते म्हणालीस तेव्हा माझी अशी काही धांदल उडाली की तो पूल मीच बांधायला घेतला.

तुझी अदलाबदल होणार हे वाचून आधी सुटलो असं वाटलं. तू क्लिवोनला, ती पोनला. कुणाची कुणाला अडचण नाही. तिला सांगितलं, "पोरीला क्लिवोन मिळणार." ती दावेत ढवळत होती. म्हणाली, "बरं झालं. मग ती पोनला कधी येईल?"

मी म्हटलं, "वर्षाने वगैरे येईल."

"हिशेब करून सांगा."

मग मी टाकीतल्या बिया काढल्या. तिच्या चटईवर मांडल्या. वरती पाच-पाच, दर पोनला संपणारे, खाली दहा-दहा, तुझ्या नव्या क्लिवोनच्या सुट्टीला संपणारे. मांडत गेलो, मांडत गेलो. चटई संपली, बिया संपल्या. पुंजके एका जागी काही संपेनात. तू लिहिलं होतंस ना, सरकतच नाही म्हणून, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वागियेम बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी आणि ती कधीच नाही." आणि गिऱ्हाइकाला दावेत द्यायला वळली. पेला भरून सांडला तरी ओतत होती.

लग्नाचं मी तिला विचारलेलं नाही. तुझ्या तोंडून होय आल्याशिवाय विचारणार नाही. तुझ्या आईच्या कबरीच्या मातीपाशी जाऊन बसलो होतो मागच्या क्लिवोनला. तिने काही सांगितलं नाही. ती अशा वेळी कधीच काही सांगायची नाही, आठवतं ना? नुसती भात वाढायची.

तू क्लिवोनला आलीस तर मला आनंदच आहे. हे खरं लिहितोय. स्टूल मांडलेलंच आहे.

बापाक

*

वसतिगृह
बुधवार पोन, २३ ऑक्टोबर १९८५

आदरणीय बापाक,

पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सुट्टी आहे, त्यामुळे उत्तर द्यायला दिवसभर वेळ होता. सकाळी एक उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. त्यात मुद्दे घातले होते.

आधी चूक कबूल करते. विजेचा तर्क चुकला. माझ्याकडे तीन गोष्टी होत्या, गर्दी, पूल आणि दावेत, आणि त्यांतून मी बत्ती काढली. माहिती कमी असताना निष्कर्ष काढू नये, हे आम्हाला गिरणीत पहिल्याच वर्षी शिकवतात.

लग्नाबद्दल मी होय लिहीत नाही आणि नाही लिहीत नाही. जिला मी पाहिलेलं नाही तिच्याबद्दल दोन्ही शब्द खोटे ठरतील.

एक गोष्ट मात्र आज पोनच्या रिकाम्या वसतिगृहात बसून आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. रविवार-क्लिवोनची सकाळ होती. आई, आपली सिंबोक, चुलीपाशी सागाच्या पानांत भात बांधत होती. मोठा पुडा तुमचा, लहान माझा, दोन्हींत सोयाबीनच्या टेंपेचे तुकडे आणि मिरची. पानाचा लाल रंग तिच्या बोटांना लागला होता. मी विचारलं, "बाकीच्या चार बाजारांत बापाकना भात कोण बांधून देतं?"

ती म्हणाली, "ते मला काय माहीत?"

"मग ते उपाशी असतात?"

ती हसली. अशी हसली की पुडा सुटला आणि तिला पुन्हा बांधावा लागला. "तुझे बापाक?" म्हणाली. "ते उपाशी राहणाऱ्यांतले नाहीत. कुणी तरी वाढतच असेल. आणि वाढत नसेल, तर वाढू दे ग बाई कुणी तरी."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं आजपर्यंत वाटलं नव्हतं. याचा अर्थ लावू नका. ती बोलली ते जसंच्या तसं लिहिलं आहे.

बियांबद्दल लिहिलंत ते वाचून मीही मांडून पाहिलं, कागदावर. पस्तीस घरं. सात वार, पाच बाजार. त्यांतलं एक घर रंगवलं, रविवार-क्लिवोनचं. लहानपणापासून मी त्या एका घरात बसत आले आणि त्यालाच बापाक म्हणत आले. उरलेल्या चौतीस घरांत तुम्ही काय खाता, कुणाशी बोलता, कुणाला चिडवता, मला माहीत नाही. त्या एका घराबद्दल माझी तक्रार नाही. ते फार चांगलं होतं. बसमधून उतरल्यावर रॉकेलचा वास यायचा आणि मला कळायचं की तुम्ही बत्ती पेटवून बघता आहात, मी येते आहे म्हणून, भर सकाळी.

आता अर्जाचं. विनार्सिहची सही झालेली आहे, माझी झालेली नाही. अर्ज माझ्या खणात आहे.

मी सही केली तर मला क्लिवोन मिळतो. दर दहा दिवसांनी सुंबेरान, स्टूल, यू सार्मी. सगळं पूर्वीसारखं, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त वेळा. तुमचा पोन वातुगाजाहला जसा आहे तसा राहील. तो दिवस आणि माझा दिवस कधीही एकत्र येणार नाहीत. ते तुम्ही चटईवर पाहिलंच. असं जगता येतं. त्यात कुणाशी खोटं बोलावं लागत नाही, पूल बांधावे लागत नाहीत.

सही केली नाही तर माझा पोन राहतो. मग रविवार-क्लिवोन संपला, आणि सुंबेरानला मी येईन ती तुम्ही नसताना, सिंबोकच्या मातीपाशी. पण दर दहा दिवसांनी मी वातुगाजाहला असेन, एका चटईवर, जिथे दावेत सांडलं.

दोन्हींतलं एकच मिळेल. तिसरा आकडा मी शोधला. नाही.

मला काय हवं ते विचाराल. बसस्थानकावर चौकशी केली आहे: वातुगाजाहची पहिली बस पावणेसहाला सुटते. तिकडे बसण्यासाठी आजच बाजारातून एक स्टूल घेऊन ठेवलं आहे, कारण सुंबेरानचं स्टूल तिथे आणायला तुम्हाला जड जाईल. ओझं म्हणून नव्हे. ते मला कळतं. ते तिथेच राहू द्या.

पण ठरवायचं मी एकटीने नाही. ज्या चटईवर मी बसायचं ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही पत्रं नेहमी क्लिवोनला घरी लिहिता. या वेळी क्लिवोनची वाट पाहू नका. सोमवारी २८ तारखेला पोन आहे. त्या दिवशी वातुगाजाहलाच लिहा, तिच्यासमोर, तिला वाचून दाखवून. तिला एवढंच विचारा: शनिवारी, २ नोव्हेंबरला, पोनला, एक जास्तीचं माणूस आलं तर चालेल का. माणूस फार बोलत नाही आणि दावेत कमी गोड पितं, हेही सांगा. बत्ती आणायला लावा. ती नेमकी काय बिघडली आहे ते मला उघडून पाहायचं आहे.

अर्ज ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी बंद होतो. उत्तर त्या दिवशी, गुरुवार लेगीला, दुपारपर्यंत माझ्या हाती पडेल असं पाठवा.

तुमची,
वुर्यानी